आयसीयूतला पोर्टेबल चेस्ट एक्स-रे वाचताना फसू नये म्हणून

एक काम करा. उद्या पहाटे पोर्टेबलवाले दादा मशीन ढकलत आयसीयूत येतील ना, तेव्हा हातातली फाईल खाली ठेवा आणि एका बेडपाशी त्यांच्यासोबत शेवटपर्यंत थांबा (बटण दाबताना दोन मीटर मागे व्हायचं, लेड ॲप्रन असला तर घालायचा). मामा आणि सिस्टर पेशंटला कुशीवर वळवतात, पाठीखाली कॅसेट सरकवतात, सरकवताना पाठीची सैल कातडी कॅसेटबरोबर गोळा होते, एक खांदा वर राहतो, मान एकीकडे कलते, छातीवर ईसीजीच्या वायरी, ऑक्सिजनची नळी, रिझर्व्हॉयर मास्कची फुगलेली पिशवी, बाईमाणूस असेल तर खांद्यावर आलेली वेणी, आणि व्हेंटिलेटर त्याच्या रेटने श्वास देतोय त्यामुळे बटण दाबलं तेव्हा छाती भरलेली होती का रिकामी होत होती हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढच्या फिल्मकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता. त्यावरचं काही पांढरं-काळं आजाराचं असतं आणि बरंचसं या सगळ्या खटाटोपाचं असतं.

हे मी लिहितोय नवीन रेसिडेंटसाठी, आणि त्याहून जास्त तालुक्याच्या गावी रात्री एकट्याने आयसीयू सांभाळणाऱ्या आरएमओंसाठी (हॉस्पिटलच्या ड्युटी डॉक्टरांसाठी). तिथे रात्री रेडिओलॉजिस्ट नसतो, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, आणि छातीत सुई घालायची का लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) द्यायचं का अँटिबायोटिक बदलायचं हे तुम्हालाच ठरवायचं असतं. चुकीच्या सावलीवर घेतलेला निर्णय पेशंटच्या अंगावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सावली नंतर, आधी फिल्म कशी निघाली ते

नाव, तारीख, वेळ, डावी-उजवीची खूण. शाळेत शिकवल्यासारखं वाटेल, पण पाच नंबरच्या बेडची फिल्म सहाच्या फाईलला लागलेली मी बऱ्याचदा बघितलीय, आणि सकाळी सहाची फिल्म रात्री दहाला 'आत्ताची' म्हणून वाचलेली तर त्याहून जास्त वेळा, मध्ये पेशंटला श्वासाची ट्यूब पडलेली असते आणि चित्र पूर्ण बदललेलं असतं.

मग पोझिशन. उभा करून काढलेल्या नेहमीच्या फिल्ममध्ये किरण पाठीकडून येतात आणि एक्स-रेची ट्यूब साधारण सहा फुटांवर असते. पोर्टेबलमध्ये किरण पुढून, अंतर बरंच कमी, आणि हृदय प्लेटपासून लांब, म्हणून ते मोठं दिसतं. निम्म्या छातीपेक्षा रुंद म्हणजे कार्डिओमेगाली (हृदय वाढलेलं) हा नियम इथे जसाच्या तसा लावू नका. मेडियास्टिनमही (दोन फुफ्फुसांमधला भाग) रुंद दिसतं, ट्रॉमाच्या पेशंटमध्ये त्यावरून अओर्टा (मुख्य धमनी) फाटलाय म्हणून धावपळ होते. आडव्या पेशंटमध्ये रक्त वरच्या भागाकडे सारखं पसरतं त्यामुळे 'वरच्या शिरा भरल्यात, म्हणजे हार्ट फेल्युअर' हेही चालत नाही.

पेशंट वळलेला आहे का ते बघायला दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं आणि मधला मणक्याचा काटा बघा, अंतर दोन्हीकडे सारखं नसेल तर पेशंट फिरलेला आहे आणि अशा फिल्मवर 'हे फुफ्फुस त्याच्यापेक्षा काळं' असली तुलना करायचीच नाही. एक बाजू काळी दिसायला आणखी एक साधं कारण असतं ते म्हणजे त्या बाजूला मॅस्टेक्टॉमी (स्तन काढायचं ऑपरेशन) झालेली असते. फाईलमध्ये नाही सापडलं तर चादर बाजूला करून बघा, अर्धा मिनिट लागतं.

श्वास बाहेर टाकताना काढलेल्या फिल्ममध्ये खालचे दोन्ही भाग पांढरट, हृदय रुंद, शिरा गर्दी केलेल्या. एडिमासारखंच (फुफ्फुसात पाणी उतरल्यासारखंच) दिसतं. बरगड्या मोजा आणि कालच्या फिल्मशी डायफ्रॅम कुठे होता ते जुळवून बघा.

व्हॉट्सॲपबद्दल एकदाच सांगतो. व्ह्यू बॉक्सवरच्या फिल्मचा मोबाईलने काढलेला, दाबून लहान झालेला फोटो बघून ट्यूब कुठे आहे हे कदाचित सांगता येईल, पण न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) नाही असं सांगता येत नाही. सीनियरला पाठवायचंच असेल तर खोलीतले दिवे घालवा, फ्लॅश बंद ठेवा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि खाली सॅच्युरेशन, बीपी, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात ठेवतो ते प्रेशर) किती आणि कालची फिल्म हे चार पाठवा. नुसता फोटो आणि 'सर ओपिनियन' असा मेसेज आला की मला खरंच काळजी वाटते, कारण समोरचा झोपेतून उठून उत्तर देणार आणि त्या उत्तरावर कोणीतरी सुई घालणार.

काळी रेघ दिसली म्हणून आयसीडी (छातीतली हवा-पाणी काढायची नळी) घालायला निघालात तर

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, सत्तरीच्या पुढच्या वाळलेल्या आजी, व्हेंटिलेटरवर, उजवीकडे वरून खाली जाणारी रेघ, रेघेच्या बाहेर काळं. मी आयसीडीचा ट्रे उघडला, सिस्टरांनी लोकल भरून दिलं, आणि सर आले. त्यांनी फिल्म हातात घेऊन एवढंच विचारलं, "रेघेच्या बाहेर शिरा दिसतात का रे?" दिसत होत्या, पार बरगडीपर्यंत. आजींना सरळ करून, पाठीखालची चादर ताणून परत फिल्म काढली तर रेघ गायब. ती पाठीच्या कातडीची घडी होती.

ही घडी ओळखायची कशी ते डोळ्यात बसवून घ्या. न्यूमोथोरॅक्समध्ये फुफ्फुसाच्या पडद्याची एक बारीक पांढरी रेघ दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूला काळं असतं. कातडीच्या घडीत रेघ नसतेच, कडा असते, म्हणजे आतून पांढरं हळूहळू वाढत जातं आणि कडेशी एकदम काळं होतं. घडी बऱ्याचदा छातीच्या बाहेर दंडापर्यंत किंवा खाली पोटापर्यंत जाते, किंवा मध्येच विरून जाते, फुफ्फुसाचा पडदा असं करत नाही. खांद्याच्या फऱ्याची आतली कड, मास्कची पिशवी, आणि वेणी हे बाकीचे. वेणी फुफ्फुसाच्या टोकावर आली की टीबीच्या डागासारखीही दिसते.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची, खरा न्यूमोथोरॅक्स आडव्या पेशंटमध्ये नेहमीच्या जागी दिसत नाही. हवा वर जाते आणि झोपलेल्या माणसात 'वर' म्हणजे छातीचा पुढचा खालचा भाग. त्यामुळे टोकाला रेघ शोधत बसाल तर हुकेल. खाली बघा: एका बाजूचा कॉस्टोफ्रेनिक कोन (बरगड्या आणि डायफ्रॅम यांच्यातला) खोल आणि काळा होऊन पोटात शिरल्यासारखा दिसतो का, यकृताच्या वरचा भाग काळपट झालाय का, हृदयाची किंवा डायफ्रॅमची कड पेनने काढल्यासारखी एकदम ठळक झालीय का. सीओपीडीत दोन्हीकडे कोन खोल असू शकतात, एकाच बाजूला असेल तर कान टवकारा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये लहान न्यूमोथोरॅक्स बघता बघता टेन्शन होतो (हवा दाबाखाली साठून हृदय दाबते) म्हणून 'छोटाय, बघू सकाळी' असं इथे नाही. आणि बीपी कोसळतंय, एका बाजूला हवा जात नाही, व्हेंटिलेटरचं प्रेशर चढलंय असा पेशंट समोर असेल तर एक्स-रेची वाट बघायचीच नाही, आधी हवा काढा.

मोठा बुला (फुफ्फुसातला हवेचा फुगा) हा तिसरा सापळा. जुन्या टीबीचे, बिडी ओढणारे, एम्फिसिमाचे पेशंट. बुलाची कड आत, फुफ्फुसाच्या बाजूला वाकलेली असते, बशीच्या आतल्या बाजूसारखी, आणि न्यूमोथोरॅक्समध्ये फुफ्फुसाची कड छातीच्या भिंतीला समांतर जाते. बुलात आयसीडी गेली की हवेची गळती दिवसेंदिवस थांबत नाही, असा एक पेशंट आमच्याकडे दुसरीकडून आला होता आणि त्याचे पुढचे तीन आठवडे मी विसरू शकत नाही. पेशंट स्थिर असेल आणि शंका असेल तर जुनी फिल्म शोधा, नातेवाइकांना घरून आणायला लावा, ती पिशवी बहुतेक घरात कपाटावर ठेवलेली असतेच, आणि नसेलच तर सीटी करा.

अपघाताच्या पेशंटमध्ये अजून एक. बाईकवरून पडलेला, डावीकडे खाली मोठा काळा फुगा, त्यात पाण्याची पातळीसारखं काहीतरी. डायफ्रॅम फाटून पोट छातीत गेलेलं असू शकतं. आयसीडीआधी रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकून फिल्म काढा, ट्यूबचं टोक छातीत वेटोळं घालून बसलेलं दिसलं की उत्तर मिळालं. आयसीडी घालावी लागलीच तर ट्रोकार (टोकदार सळई) वापरू नका, भोकात बोट घालून आत काय आहे ते चाचपून मगच नळी सारा.

एक बाजू पूर्ण पांढरी

इथे एकच प्रश्न आधी विचारायचा: श्वासनलिका कुठे सरकलीय? पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असेल तर फुफ्फुस मिटलंय, पांढऱ्यापासून लांब ढकलली असेल तर पाणी किंवा रक्त भरलंय. मधोमध असेल तर न्यूमोनिया, किंवा दोन्ही एकत्र, आणि तेव्हा सोनोग्राफीचा प्रोब लावल्याशिवाय काही करू नका. अर्थात पेशंट वळलेला असेल तर श्वासनलिकाही खोटं सांगते, म्हणून मघाशी कॉलरबोनचं बोललो.

ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, सॅच्युरेशन अचानक चौऱ्याऐंशी, डावी बाजू पांढरी फटक. ड्युटीवरच्या मुलीने टॅपिंगची (पाणी काढायची) सुई मागवली होती. श्वासनलिका डावीकडे गेलेली. ट्यूबमधून सलाईन टाकून सक्शन, हाताने बॅगिंग, छातीला फिजिओ, आणि शेवटी ब्रॉन्कोस्कोपने चिकाचा एक गोळा निघाला, तासाभराने काढलेल्या फिल्ममध्ये डावं फुफ्फुस बरंचसं उघडलेलं. त्या जागी सुई घातली असती तर पाणी आलंच नसतं, मिटलेल्या फुफ्फुसामुळे वर ओढलेला डायफ्रॅम आणि त्याखालची स्प्लीन मात्र सुईच्या वाटेत होती.

डावी बाजू मिटण्याचं त्याहून साधं कारण म्हणजे ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या श्वासनळीत) उतरलेली असणं. मान सरळ असताना ट्यूबचं टोक कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभंगते त्या जागेच्या) वर साधारण पाच सेंटिमीटर हवं. मान खाली वाकली तर ट्यूब दोनेक सेंटिमीटर खाली जाते, मागे टाकली तर तेवढीच वर येते. म्हणजे फिल्म काढताना हनुवटी कुठे होती ते माहीत नसेल तर 'ट्यूब दोन सेंटिमीटर मागे घ्या' ही ऑर्डर घाईची ठरू शकते, हनुवटी खाली होती आणि तुम्ही मागे घेतली तर पुढच्या वळवावळवीत ट्यूब बाहेर. खालच्या जबड्याची सावली फिल्मवर कुठे आहे ते बघायचं, त्यावरून मानेचा अंदाज येतो.

पाणी आडव्या पेशंटमध्ये मागे पसरतं, त्यामुळे कोन भरलेला न दिसता एक बाजू सगळीच धुरकट, पातळ पडदा टाकल्यासारखी दिसते आणि त्या पडद्यातून शिरा दिसत राहतात. अर्धा लिटर पाणीसुद्धा असं लपून राहू शकतं. याला न्यूमोनिया म्हणून मेरोपेनेम (अँटिबायोटिक) सुरू झालेले पेशंट मी मोजायचे सोडून दिलेत. खाटेचं डोकं वर करून परत काढा, नाहीतर प्रोब लावा, पाण्यासाठी सोनोग्राफीसारखं सोपं काही नाही.

किती वेगाने बदललं

मला विचाराल तर आयसीयूतल्या एक्स-रेत सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे, आणि ती एका फिल्मवर दिसत नाही, तीन-चार फिल्म शेजारी लावल्या की दिसते. एडिमा तासांत येतो आणि तासांत जातो. मिटलेला लोब (फुफ्फुसाचा एक भाग) अचानक येतो आणि सक्शन-फिजिओनंतर त्याच दिवशी उघडू शकतो. ॲस्पिरेशनची (पोटातलं किंवा तोंडातलं फुफ्फुसात गेल्याची) सावली काही तासांत उमटते, नुसता पोटातला रस असेल तर दोनेक दिवसांत साफ व्हायला लागते, जंतू वाढले तर रेंगाळते. बॅक्टेरियाचा न्यूमोनिया दिवसांत वाढतो आणि त्याची सावली जायला आठवडे लागतात, ताप उतरून पेशंट जेवायला लागला तरी फिल्म मळकट राहते. म्हणून काल रात्री नव्हतं, आज सकाळी डावीकडे खाली आलं आणि संध्याकाळी गेलं, त्याला न्यूमोनिया म्हणू नका. हृदयाच्या मागे डावा खालचा लोब मिटणं हे आयसीयूत इतकं नेहमीचं आहे की ताप आणि ती सावली एकत्र दिसली म्हणजे व्हॅप (व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया) झाला असं धरलं तर अर्धी आयसीयू कोलिस्टिनवर (शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकवर) जाईल. कफ बदललाय का, ऑक्सिजन वाढवावा लागतोय का, काउंट, कल्चर, हे सगळं बघून मगच.

आणि व्हेंटिलेटरची सेटिंग. पीप पाचवरून बारावर नेली की फुफ्फुस फुगतं, तेच पाणी मोठ्या जागेत पसरतं, फिल्म सुधारल्यासारखी दिसते आणि राउंडला सगळे खूश. दोन दिवसांनी ट्यूब काढली की तीच फिल्म बिघडल्यासारखी दिसते आणि धावपळ. दोन्ही वेळेला फुफ्फुस कदाचित तेच होतं. म्हणून मी फिल्मच्या कोपऱ्यात किंवा रिपोर्टच्या शेजारी पीप लिहून ठेवतो, तुम्हीही लिहा.

दोन्हीकडे पांढरं: एआरडीएस लिहिण्याआधी

एआरडीएसची (फुफ्फुसं सुजून ऑक्सिजन कमी पडण्याची) बर्लिन व्याख्या २०१२ची आहे, त्यात दोन्ही बाजूंच्या सावल्या पाणी, मिटलेला लोब किंवा गाठींनी पूर्ण समजावता येत नसल्या पाहिजेत असं लिहिलंय आणि हृदयाचं फेल्युअर किंवा जास्तीचं पाणी हेच पूर्ण कारण नसावं हेही. ते वाक्य आपण विसरतो आणि दोन्ही खालचे लोब मिटलेल्या जाड्या पेशंटला एआरडीएस लिहून मोकळे होतो. नंतर आलेल्या जागतिक व्याख्येने सोनोग्राफी आणि सॅच्युरेशन आणि दिला जाणारा ऑक्सिजन यांचा रेशोसुद्धा मान्य केलाय, छोट्या हॉस्पिटलांना ते फार सोयीचं झालं, पण त्याने सावलीचा अर्थ लावायचं काम कमी झालं नाही.

आपल्याकडचे काही पेशंट इथे हमखास फसवतात. कोकणातला लाल विंचू. मूल किंवा तरुण माणूस, रात्री धाप, फिल्मवर फुलपाखरासारख्या किंवा चक्क एकाच बाजूच्या सावल्या, हृदय नेहमीच्या आकाराचं, आणि कोणीतरी न्यूमोनिया लिहितं. हृदय मोठं नाही म्हणून एडिमा नाही हा तर्क इथे पूर्ण चुकतो, विंचवाच्या विषाने अंगातलं ॲड्रेनालिन उसळतं आणि धडधाकट हृदयाचं पाणी फुफ्फुसात उतरतं, आकार वाढायला वेळच मिळालेला नसतो. हातपाय गार, दरदरून घाम, उलट्या, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता, हे फिल्मवर दिसत नाही, चादर काढून बघावं लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिनचा (बीपीच्या औषधाचा) उपयोग जगापुढे मांडला तो अशाच पेशंटांना बेडपाशी तासन्‌तास बघून, आणि मला ते काम आजही आयसीयूत शिकवण्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची लाट आली होती, पण दर पावसाळ्यात थोडे थोडे येतातच. दोन्हीकडे ठिपक्यांच्या, कापसासारख्या सावल्या, ती इन्फेक्शनची वाटते आणि असतं फुफ्फुसातलं रक्त. खोकल्यातून रक्त येईलच असं नाही, ट्यूब घातल्यावर पहिल्यांदा लाल येतं. हिमोग्लोबिन पडतंय, प्लेटलेट कमी, डोळे लाल, कावीळ, चिखलात काम केलंय, एवढं जुळलं की विचार करा. डेंग्यूत उलटं, फुफ्फुस बऱ्यापैकी स्वच्छ आणि पाणी प्लुरात (फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात), जास्त करून उजवीकडे, आणि बरं व्हायच्या दिवसांत ते पाणी परत रक्तात येत असताना आपण सलाईन चालूच ठेवलं तर मग खराखुरा एडिमा.

मिलिअरी टीबी एआरडीएस म्हणून येतो आणि पोर्टेबल फिल्मवर मोहरीएवढे दाणे पुसले जातात. आठवडेन्‌आठवडे ताप, वजन उतरलेलं असा इतिहास असेल तर स्वच्छ फिल्म किंवा सीटी मिळवा.

आणि फक्त उजवा वरचा लोब पांढरा, अँटिबायोटिकने हलत नाही, पेशंटला नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलाय: हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह अचानक गळायला लागला की रक्ताचा झोत त्या लोबच्या शिरेकडे जातो आणि एडिमा तिथेच साठतो. मर्मर ऐकू येईलच असं नाही, इको करा. दुसरा एका बाजूचा एडिमा म्हणजे बरेच दिवस मिटलेलं फुफ्फुस एकदम उघडल्यावरचा, म्हणून जुनं पाणी काढताना एका वेळी लिटर-दीड लिटरच्या पुढे जाऊ नका आणि पेशंट खोकायला लागला किंवा छातीत दुखतं म्हणाला की थांबा.

फिल्म स्वच्छ आणि पेशंट निळा

ही परिस्थिती मला पांढऱ्या फिल्मपेक्षा जास्त घाबरवते. पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी), दमा, वरच्या श्वासमार्गात अडकलेलं काहीतरी, सुरुवातीच्या तासांतला एआरडीएस, पांढऱ्या पेशींचा काउंट शून्यावर आलेल्या केमोच्या पेशंटमधला न्यूमोनिया ज्याची सावली पेशी परत आल्यावरच उमटते. सॅच्युरेशन पंच्याऐंशीवर अडकलंय, ऑक्सिजनने हलत नाही आणि रक्त चॉकलेटी दिसतंय तर मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन). 'एक्स-रे नॉर्मल' हे वाक्य फाईलमध्ये लिहिलंत की त्याच्या पुढे 'मग ऑक्सिजन का कमी?' हेही लिहा.

नळ्या

रायल्स ट्यूब कॅरिना ओलांडून मधोमध सरळ खाली जायला हवी, डायफ्रॅमच्या खाली टोक दिसायला हवं. उजवीकडे वळून फुफ्फुसाच्या खालच्या भागात गेली तर ती ब्रॉन्कसमध्ये आहे, श्वासाच्या ट्यूबचा फुगा (कफ) फुगवलेला असला तरी जाते. हवा मारून पोटावर स्टेथोने ऐकणं भरवशाचं नाही, फुफ्फुसात असतानाही गुरगुर ऐकू येते. फिल्म बघितल्याशिवाय फीड सुरू करायचा नाही, मध्यरात्रीसुद्धा नाही. श्वासाची ट्यूब अन्ननलिकेत आहे का हे मात्र समोरून काढलेल्या फिल्मवर ठरत नाही, दोन्ही नळ्या एकमेकांवर येतात, त्याला कॅप्नोग्राफीच (बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजणं). सेंट्रल लाईन मणक्याच्या डाव्या बाजूने खाली जाताना दिसली तर धमनीत गेलीय का ते ब्लड गॅस आणि प्रेशरवरून तपासा, काही लोकांना जन्मतः डावीकडे जास्तीची सुपिरिअर व्हेना केव्हा (मोठी नीला) असते हेही लक्षात ठेवा. आयसीडीच्या पांढऱ्या रेघेत जिथे खंड दिसतो तिथे शेवटचं भोक असतं, ते बरगड्यांच्या बाहेर असेल तर नळी बाहेर आलीय.

सोनोग्राफी आणि सीटीसुद्धा फसवतात

प्रोब लावला, स्लायडिंग (श्वासाबरोबर फुफ्फुसाचं सरकणं) दिसत नाही, म्हणजे न्यूमोथोरॅक्स असं लगेच नाही. जुन्या टीबीने प्लुरा चिकटलेला असतो, आपल्याकडे हे फारच नेहमीचं, ट्यूब उजवीकडे उतरली असेल तर डावीकडे स्लायडिंग नसतं, बुलावरही नसतं. स्लायडिंग दिसलं किंवा बी-लाईन (फुफ्फुसातून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा) दिसल्या तर त्या जागेखाली न्यूमोथोरॅक्स नाही हे खात्रीने म्हणता येतं. फुफ्फुस भिंतीला लागतं आणि सुटतं ती जागा, म्हणजे लंग पॉइंट सापडला तर न्यूमोथोरॅक्स पक्का. कातडीखाली हवा भरली असेल तर प्रोबला काही दिसत नाही, उगाच अर्थ काढू नका.

सीटीबद्दल २०२१च्या कोविड लाटेची आठवण पुरे. प्रत्येक नातेवाईक फोनवर पहिलं विचारायचा, "डॉक्टर, स्कोअर किती?" पंचवीसपैकी किती भाग पांढरा एवढंच तो आकडा सांगायचा, का पांढरा हे सांगत नव्हता. डायलिसिस चुकलेले एक काका अठरा स्कोअर घेऊन आले होते, घरचे रडत होते, दोन डायलिसिसमध्ये चार लिटर पाणी काढलं आणि त्यांचा ऑक्सिजन सुटला. ग्राउंड ग्लास (सीटीवरचं धुरकट पांढरं) म्हणजे फक्त हवेच्या जागी काहीतरी आलंय, ते पाणी असेल, रक्त असेल, व्हायरस असेल, किंवा पेशंटने श्वास सोडलेला असतानाच स्कॅन झाला असेल. पाठीकडच्या भागात नुसत्या आडवं पडण्याने पांढरं येतं. एम्बोलिझमच्या स्कॅनमध्ये एकाच स्लाइसवर टिचभर डाग असेल आणि पेशंट धापा टाकत हलत असेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारा, हालचालीनेही तसा डाग येतो, आणि धडधडणाऱ्या अओर्टाच्या मुळाशी खोटी डिसेक्शनची (अओर्टाची भिंत फाटल्याची) रेघही येते.

मी फाईलमध्ये काय लिहितो

निदान लिहिण्याआधी दिसलं ते लिहितो. नमुना: "पहाटे ५.४०, पोर्टेबल, आडवा, पेशंट उजवीकडे फिरलेला, पीप ८. ट्यूब कॅरिनाच्या वर ४ सेंटिमीटर, मान वाकलेली. डावीकडे खाली पांढरं, डायफ्रॅमची आतली कड दिसत नाही, काल रात्री दिसत होती. श्वासनलिका मध्ये. विचार: लोब मिटलाय, सक्शन आणि फिजिओ, दुपारी प्रोब लावून बघणे. ताप नाही, अँटिबायोटिक बदललं नाही." दीड मिनिटाचं काम आहे, आणि संध्याकाळच्या ड्युटीवाल्याला तुमचा अंदाज बरोबर होता का ते तपासता येतं. नुसतं 'लेफ्ट लोअर झोन कन्सॉलिडेशन' लिहिलं की पुढचे चार दिवस प्रत्येक जण तेच खाली उतरवत जातो.

आणि रोज सकाळी सगळ्यांचा एक्स-रे काढायची सवय असेल तर ती बोलून कमी करता येईल का बघा. फ्रान्समधल्या २१ आयसीयूंत झालेल्या अभ्यासात, २००९ साली छापून आलेला, गरज असेल तेव्हाच काढल्यावर एक्स-रे जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले आणि पेशंटचं काही बिघडलं नाही. मी आता ऑर्डर लिहिताना शेजारी प्रश्न लिहितो, 'ट्यूब कुठे?', 'पाणी वाढलं का?', आणि प्रश्न सुचला नाही तर फिल्म मागवत नाही. पोर्टेबलवाले दादाही आता सरळ विचारतात, काय बघायचंय डॉक्टर, आणि त्याप्रमाणे ट्यूबसाठी हनुवटी सरळ करून घेतात, पाण्यासाठी खाट वर करून घेतात.